उंदीर पडला की गाव का सोडायचे?

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीत धुराची गाडी आली. पोरं मागं पळाली, बायकांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि पाच मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला, "फवारणी झाली". दोन घरं सोडून पलीकडचं एक पोरगं डेंग्यूनं दवाखान्यात आहे, म्हणून ही गाडी. मला मात्र तो धूर बघून आजी आठवली.

आजी तिच्या सासूबाईंकडून ऐकलेलं सांगायची. घरात उंदीर पडला, म्हणजे आपोआप मरून पडला, की माणसं थांबत नसत. बैलगाडी जुंपायची, भांडीकुंडी भरायची आणि रानात खोप घालून राहायचं. गावात मरी आली याची वर्दी उंदीर द्यायचा. त्यामागचं कारण त्या माऊलीला ठाऊक नव्हतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नव्हतं.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोन वर्षं आधीच, 1894 साली, हाँगकाँगला येर्सिननं शोधला होता. पण हा जंतू माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोडंच होतं. घाण, कोंदट हवा, कपडे, रोगी माणूस अशा सगळ्यांवर संशय होता. मग सरकारनं धरलं कुणाला? माणसाला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत घुसले, माणसं ओढून नेली, सामान जाळलं, भिंती-जमिनी औषधानं धुतल्या. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण एवढी जबरदस्ती करूनही साथ का हटली नाही, हे शाळेत कुणी सांगत नाही.

कारण खरा आरोपी होता पिसू. 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या भांड्यात पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि त्याच भांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. तरी निरोगी उंदराला प्लेग झाला. जाळीतून गेल्या त्या पिसवा. पण बरीच वर्षं त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1905 पासून मुंबईत प्लेग कमिशननं परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, हे पुन्हा तपासलं. जमिनीवर ठेवलेल्या गिनीपिगांना प्लेग झाला, दोन फूट वर टांगलेले वाचले. पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही, एवढाच फरक.

आता पिसवेची सवय बघा. उंदराची पिसू उंदरावर सुखात असते, माणसाकडं ती सहसा फिरकत नाही. उंदीर मेला, अंग गार पडलं की ती उतरते आणि उपाशी असल्यामुळं मिळेल त्याला चावते. वर प्लेगचे जंतू तिच्या पोटाच्या तोंडाशी वाढून बोळा बसवतात. रक्त आत जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी जंतूसकट रक्त उलटून टाकते. ही गोष्ट 1914 साली बॅकट आणि मार्टिन यांनी उलगडली.

म्हणजे उंदीर पडल्यावर घर सोडणारी ती सासू बरोबर होती. उपाशी पिसवांच्या तावडीतून ती माणसं बाहेर काढत होती. आपल्या करवीर संस्थानातही शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वस्त्या मोकळ्या करून लोकांना बाहेर झोपड्यांत हलवण्यावर भर होता, तो याच अर्थानं शहाणपणाचा.

आता परत धुराच्या गाडीकडं येऊ. डेंग्यूच्या डासाची, म्हणजे एडिसची, सवयही अशीच ओळखायला हवी. तो गटारात वाढत नाही, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. चावते ती मादी, आणि तीही दिवसा, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. जरा हात हलवला की उडते आणि दुसऱ्याला चावते. म्हणून एकाच घरात दोघं-तिघं पडतात. बाकी वेळ ती कॉटखाली, टांगलेल्या कपड्यांमागं बसून असते. आपण खिडक्या लावून घेतो आणि धूर रस्त्यावर फिरतो. मग तो तिला गाठणार कुठं? अंडी तर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पाणी नुसतं ओतून चालत नाही, भांडं आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, ते या हिशेबानं.

आता स्वतःचंच सांगतो. गाडी गेल्यावर आशाताई तपासणीला आल्या. मी पत्रकार, मी त्यांना महापालिकेचं काय काय चुकतं ते ऐकवत होतो. त्यांनी शांतपणे आमच्या फ्रिजमागचा ट्रे ओढला आणि बॅटरी मारली. अळ्या वळवळत होत्या. पलीकडच्या पोराला चावलेला डास माझ्या घरचा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

1897 मध्ये सरकार माणसं पकडत होतं आणि पिसू मोकळी होती. आज आपण धुराचा फोटो टाकतो आणि ट्रे तसाच राहतो. गाडी मागू नका असं मी म्हणत नाही. पण मंडळी, ही पोस्ट वाचून झाल्यावर आधी उठा. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं बॅरेल बघा. घरात तापाचं माणूस असेल तर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, कारण त्याला चावलेला डासच पुढं आजार नेतो.

काय सापडलं ते खाली लिहा. लाजायचं कारण नाही, सुरुवात मी केलीय.