वळणाचं पाणी

गेल्या शनिवारी मी बाथरूममधलं बेसिन स्वतः दुरुस्त केलं. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं होतं. खालचा बॉटल ट्रॅप गळत होता आणि प्लंबरकाका दोन दिवस "येतो येतो" करत होते. शेवटी पाना घेतला, ट्रॅप काढून टाकला आणि दुकानातून आणलेला वळ्यावळ्यांचा वेस्ट पाइप सरळ भिंतीतल्या भोकात खुपसला. गळती बंद! रविवारी सकाळी आई म्हणाली, "अरे, गटार तुंबलंय का कुठे?"

तुंबलं काहीच नव्हतं. ट्रॅप म्हणजे एक वळण, बाकी काही नाही. त्यात थोडं पाणी अडकून राहतं आणि तेवढ्या पाण्यामुळे गटाराची हवा वर येत नाही. (बॉटल ट्रॅपमध्ये तेच पाणी बाटलीत साठतं.) ना झडप, ना स्प्रिंग. संडासाच्या भांड्याखाली असा वाकडा पाइप बसवायचं पेटंट अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली घेतलं. गडी लंडनमधला घड्याळजी!

लोकांना हे वळण हवं होतं ते वासासाठी. दुर्गंधी म्हणजेच रोग, अशी तेव्हा पक्की समजूत. १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं, कॉलरा पाण्यातून पसरतो म्हणून सांगितलं, तरी बहुतेकांना ते पटलं नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारू लागली की पार्लमेंटचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवावे लागले. मग मात्र बॅझलजेटच्या गटारांना झटपट पैसे मंजूर झाले. १८७१ मध्ये युवराज एडवर्ड टायफॉइडमधून मरता मरता वाचला, तेव्हाही खापर फुटलं ते तो उतरला होता त्या घराच्या ड्रेनेजवर.

पुढे जंतू सापडले आणि नुसत्या वासाने कॉलरा-टायफॉइड होत नाही हे कळलं. रविवारी मी बायकोला हेच ऐकवत होतो. वासच आहे ना, बघू पुढच्या वीकेंडला. आणि मग नेटवर अमॉय गार्डन्सची हकिकत वाचली.

हाँगकाँग, मार्च २००३. सार्सची लागण झालेला एक माणूस या वसाहतीतल्या ई ब्लॉकमध्ये नातेवाइकांकडे आला. त्याला जुलाब होत होते. तिथल्या बाथरूममधल्या जमिनीतल्या जाळ्यांखाली ट्रॅप होते, पण लोक फरशी पाण्याने धूत नसत, नुसती पुसून घेत. त्यामुळे कित्येक ट्रॅप कोरडे पडले होते. एक्झॉस्ट फॅन लावला की पाइपातली हवा तुषारांसकट घरात ओढली जाई. पूर्ण वसाहतीत ३०० पेक्षा जास्त लोकांना लागण झाली, ४२ जण गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासात कोरड्या ट्रॅपचा हा मार्ग पुढे आला. हवेला घाबरणारी ती जुनी माणसं अगदीच वेडी नव्हती तर.

आपल्याकडे जमिनीतल्या ट्रॅपला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी थेट इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांत जाऊन बसली आहे! असो.

रविवारी संध्याकाळी काढलेला ट्रॅप कचऱ्याच्या पिशवीतून परत बाहेर काढला. फाटला होता फक्त तळाचा वायसर. त्याची किंमत सांगत नाही, लाज वाटते. नवा वायसर, आट्यांवर टेफ्लॉन टेप, हाताने घट्ट, वर पान्याने पाव फेरा. मग आठवलं, पाहुण्यांच्या बाथरूममध्ये दिवाळीपासून कोणी गेलेलं नाही. तिथल्या जाळीत दोन मग पाणी ओतून आलो.