गोवर नव्हे, मग काय? कावासाकी रोगाच्या निदानाचा इतिहास

१/ फलटण असो वा मुंबई, लेकराला ताप येऊन अंगावर पुरळ उठले की घरात पहिला तर्क गोवराचा होतो. याच तर्काआड दडू शकणाऱ्या एका आजाराला स्वतःचे नाव कसे मिळाले, त्याचा हा इतिहास.

२/ जानेवारी १९६१. टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात सव्वाचार वर्षांचा मुलगा दाखल झाला. डॉ. तोमिसाकू कावासाकी यांना त्याची लक्षणे कोणत्याच ज्ञात रोगाशी जुळेनात. मुलगा बरा होऊन घरी गेला. कागदावर नोंद राहिली, 'निदान अज्ञात'.

३/ पुढच्या वर्षी तसाच दुसरा रुग्ण आला. कावासाकी नोंदी ठेवत गेले आणि १९६७ मध्ये त्यांनी ५० मुलांचा वृत्तान्त जपानी भाषेत प्रसिद्ध केला. इंग्रजीत तो विषय १९७४ मध्ये पोहोचला.

४/ त्यांनी टिपलेली चिन्हे आजही निदानाचा पाया आहेत. किमान पाच दिवसांचा ताप, आणि सोबत पुढील पाचांपैकी चार : दोन्ही डोळे लाल, पण चिपडे नाहीत, ओठ फुटलेले व जीभ लालबुंद, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, पुढे बोटांची साल निघणे, मानेत गाठ.

५/ एक गोष्ट मात्र कावासाकींच्या ध्यानात प्रारंभी आली नव्हती. हा आजार आपोआप, मागे काही न ठेवता ओसरतो, असे त्यांना वाटले होते. १९७० च्या राष्ट्रीय पाहणीत काही बालकांचे मृत्यू उघड झाले. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगलेल्या आणि गुठळीने बंद झालेल्या आढळल्या. ताप उतरत असताना हृदयाला इजा होत होती.

६/ १९८४ मध्ये जपानी डॉक्टरांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा उपाय मांडला. उपचाराविना सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांत धमन्या बिघडतात. पहिल्या दहा दिवसांत औषध मिळाले तर हे प्रमाण पुष्कळ घटते. म्हणून येथे दिवस मोजणे हेही निदानच.

७/ भारतात या रोगाची नोंद १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये कोरोनानंतर मुलांमध्ये त्याच्याशी मिळताजुळता आजार दिसू लागला. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातही असे रुग्ण आले. त्याच वर्षी ५ जूनला, वयाच्या ९५ व्या वर्षी, कावासाकी निवर्तले.

८/ हा रोग सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी आजवर नाही. टू-डी इको धमन्यांची अवस्था दाखवतो, पण तिथवर मूल पोहोचण्यासाठी आधी शंका यावी लागते. दंडावरचा बीसीजी लसीचा व्रण लाल होणे, हीसुद्धा एक खूण. फलटणच्या छोट्या दवाखान्यातही ती डोळ्यांनी दिसते. पाचव्या दिवशीही ताप हटत नसेल, तर 'गोवरच असेल' म्हणून थांबू नये.