होसकोट्याचा तलाव आणि पावसाची चक्रे

बंगळुराजवळचे होसकोटे मराठी वाचकांस परके नाही. १६३८ नंतर शहाजीराजांस विजापूर दरबाराकडून मिळालेल्या जहागिरीत ते होते. तेथील सुमारे दोन मैल लांब बांधाच्या जुन्या तलावात आम्हांस पूर्वजांचे शहाणपण दिसते. नैर्ऋत्य मोसमी पावसाने दगा दिला, तरी आश्विन-कार्तिकातील सरींनी तलाव भरावा आणि वर्ष निभावे, ही ती योजना. एका वर्षाच्या चक्रास ती पुरेशी होती.

परंतु या चक्राबाहेर आणखी मोठी चक्रे फिरत असतात. प्रशांत महासागराचे पाणी दर दोन ते सात वर्षांनी तापते, आणि आपला नैर्ऋत्य पाऊस बहुधा क्षीण होतो. यालाच एल निनो म्हणतात. त्याच सागराचे दुसरे, मंद आंदोलन दशकानुदशके चालते. ते अनुकूल बाजूस असेल, तर एल निनोचा घाव अधिक खोल बसतो.

१८७६ मध्ये म्हैसूर संस्थानात पाऊस चुकला आणि १८७७ मध्ये अतिप्रखर एल निनो आला. एका वर्षाची तूट तलाव सोसतो. लागोपाठच्या तुटीपुढे तो कोरडा पडतो. संस्थानची लोकसंख्या १८७१ मध्ये ५० लाखांवर होती, ती १८८१ मध्ये ४२ लाखांच्या आत आली. पाऊस निसर्गाने रोखला खरा; पण त्याच काळात हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू राहिली, ती माणसांच्या निर्णयाने.

कारभार पाहणाऱ्या आपल्या वाचकांसमोर पर्जन्याची सरासरी नेहमीच येते. सरासरीच्या वर्षी कोणी उपाशी मरत नाही. कोठार भरावयाचे असते ते दोन चक्रे एकत्र येतात त्या वर्षासाठी.