बाटलीत उगवलेलं नेचं



गटातल्या एका ताईंनी विचारलं आहे, "नर्सरीतून फर्न आणला, रोज पाणी घातलं, तरी पानांची टोकं करपली. चुकलं कुठे?" फर्न म्हणजे आपलं नेचं, पावसाळ्यात ओढ्याकाठच्या दगडांतून, विहिरीच्या भिंतीतून उगवतं ते. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर लंडनच्या एका डॉक्टरांना जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी सापडलं, तेही चुकून.

त्यांचं नाव नॅथॅनियल वॉर्ड. अंगणात दगड रचून त्यांनी नेची लावली, पण ती जगेनात. लंडनमध्ये घरोघर, कारखान्यांत कोळसा जळायचा आणि धुराची काजळी सगळ्यावर बसायची. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. १८२९ मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटलीला झाकण लावलं. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीतून एक नेचं आणि थोडं गवत वर आलं! मातीतला ओलावा वाफ होऊन काचेवर जमायचा आणि थेंब होऊन परत मातीत पडायचा. वरून पाणी न घालता ते नेचं तीन वर्षांहून जास्त जगलं.

म्हणजे नेच्याला मुळाशी पाणी असून भागत नाही, भोवतालची हवाही ओलसर लागते.

मग काचेच्या पेट्या निघाल्या. १८४५ मध्ये तिथला काचेवरचा कर उठला आणि त्या मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात पोचल्या. आपल्या कपातल्या चहाचंही या पेटीशी नातं आहे. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपं अशाच पेट्यांतून ईस्ट इंडिया कंपनीसाठी हिंदुस्थानात आणली. चोरूनच म्हणा ना.

इंग्लंडमध्ये नेच्यांचं वेड लागलं. १८५५ मध्ये लेखक चार्ल्स किंग्जली यांनी त्या वेडाला नाव दिलं आणि घरोघरच्या लेकींना ते लागलंय म्हणून थट्टाही केली. पण या मुली आता जास्त आनंदी दिसतात, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. मला यात नवल वाटत नाही. विणकाम सोडून रानात, डोंगरात जायला त्यांना एक कारण मिळालं होतं.

भुर्दंड मात्र रानाला पडला. विकायला म्हणून पोतीच्या पोती भरून नेची उपटली गेली. धबधब्याजवळच्या ओल्या खडकांत वाढणारं किलार्नी नेचं कित्येक जागांवरून नाहीसं झालं. ब्रिटनमध्ये आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

ताईंच्या घरी आहे तो बहुधा बोस्टन फर्न. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनजवळ, मागवलेल्या रोपांत एक वेगळंच लोंबत्या पानांचं झाड दिसलं, त्याचा हा वंश. त्याची वाढ मुळाशी फुटणाऱ्या बारीक, दोरीसारख्या धुमाऱ्यांतून होते. मातीला टेकतील तिथे त्यांना नवी रोपं येतात. ती वेगळी काढून लावा. गटाला विकायचीही हीच रोपं, ओढ्यावरून उपटलेली नकोत.

आणि ताई, कुंडी उन्हातून हलवा. माती ओलसर असू द्या, पण तळाशी पाणी साचू देऊ नका. करपलेली पानं बुडातून कापा. माझी कुंडी पडवीत माठाच्या तिवईशेजारी असते. तिथे उन्हाळ्यातही गारवा असतो, आणि सांडलेलं पाणी वाया जात नाही.