साखळीला बांधलेला पेला

एसटी स्टँडवरची पाणपोई, सरकारी कचेरीतला कूलर, देवळाबाहेरचा रांजण. या ठिकाणांवरचा स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा पेला साखळीने बांधलेला असायचा. साखळी चोरीच्या भीतीने घातलेली असे. तोंडातोंडातून फिरणाऱ्या रोगाच्या भीतीने कोणी पेला बांधल्याचे ऐकिवात नाही. मी वैद्यक शिकलेलो नाही, विद्यापीठातही कधी नव्हतो. सार्वजनिक पाण्याच्या इतिहासाची टिपणे काढण्याचा छंद मात्र बरीच वर्षे आहे. २०२० साली सगळे जग दाराच्या कड्या, लिफ्टची बटणे आणि दुधाच्या पिशव्या पुसू लागले, तेव्हा ही टिपणे मी नव्याने वाचायला घेतली. अनेकांचा हात लागलेल्या वस्तूची भीती माणसाला कधीपासून वाटू लागली, आणि त्या भीतीतून नक्की काय काय निपजले, हे मला समजून घ्यायचे होते. त्यासाठी साखळीच्या या पेल्याइतके चांगले साधन दुसरे नाही.

कॅन्ससचा डॉक्टर

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील रेल्वेच्या डब्यात, शाळेत, कारखान्यात आणि चौकातल्या नळावर पाण्यासाठी एकच पेला असे. पत्र्याचा पेला पिंपाशेजारी टांगलेला. जो येईल त्याने बुडवावा, प्यावे आणि पुन्हा टांगावा. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला होता. शिकलेल्या लोकांना जंतूची कल्पना ठाऊक झाली होती, पण पेला होता तिथेच होता.

तो काढण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. सॅम्युअल क्रम्बाईन यांना दिले जाते. कॅन्सस राज्याच्या आरोग्य मंडळाचे ते सचिव होते. त्यांची प्रसिद्ध हकिकत अशी: रेल्वेच्या प्रवासात त्यांनी क्षयाच्या रोग्यांना डब्यातल्या पेल्याने पाणी पिताना पाहिले आणि त्यांच्या मागोमाग एका लहान मुलाने तोच पेला तोंडाला लावला. १९०९ मध्ये कॅन्ससने सामायिक पेल्यावर बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. मग एकेक राज्य त्या वाटेने गेले आणि १९१२ मध्ये राज्याराज्यांतून धावणाऱ्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनेही हा पेला हद्दपार केला. अनेकांनी तोंड पुसायचा, रुळावर फिरणारा टॉवेलही याच मोहिमेत गेला.

या मोहिमेला प्रयोगशाळेचा आधारही मिळाला होता. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या लाफायेट कॉलेजातले जीवशास्त्राचे प्राध्यापक आल्विन डेव्हिसन यांनी शाळेतला वापरातला पेला सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. काठावर माणसांच्या तोंडातल्या पेशी आणि त्यांना चिकटलेले जंतू आढळले. १९०८ मध्ये त्यांनी ते लिहिले. लेखाच्या शीर्षकात ‘मृत्यू’ आणि ‘शाळेतले पेले’ हे शब्द एकत्र होते. आईबाप हादरले नसते तरच नवल.

भीतीचे दुकान

पेला तर गेला. मग लोकांनी पाणी प्यायचे कशाने? याला दोन उत्तरे निघाली.

पहिले कागदाचे. लॉरेन्स लुएलन आणि ह्यू मूर यांनी एका सेंटला कागदी पेल्यातून गार पाणी देणारी यंत्रे बसवायला सुरुवात केली. पाण्यापेक्षा पेल्याला गिऱ्हाईक जास्त आहे हे मूर यांच्या लवकरच ध्यानात आले. त्यांनी ‘कप कॅम्पेनर’ नावाचे पत्रक काढले. सामायिक पेल्याविरुद्ध लोकमत तयार करणे हे त्याचे काम. प्रत्येक नवी बंदी म्हणजे नवी बाजारपेठ! १९१२ च्या सुमारास त्यांच्या मालाचे नाव ‘हेल्थ कप’ होते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मागणी वाढली आणि १९१९ मध्ये त्याचे ‘डिक्सी’ झाले. हे नाव शेजारच्या बाहुल्यांच्या कारखान्याकडून घेतलेले. १९२१ मध्ये कंपनीने आपला कारखाना हलवला तो ईस्टनजवळ, म्हणजे डेव्हिसन यांच्या गावाच्या वेशीवर. योगायोग असेल, पण बोलका आहे. वापरून फेकायच्या वस्तूंच्या ज्या ढिगाऱ्यात आज आपण राहतो, त्याचा एक उगम आरोग्याच्या या चळवळीत आहे.

दुसरे उत्तर कारंज्याचे. नळाचे तोंड वर करून पाण्याची धार उडवायची, म्हणजे ओठ कशालाच लागत नाहीत. पेला नाही, म्हणून उष्टेही नाही. जंतूंच्या हिशेबाने इथे प्रश्न संपायला हवा होता.

तो संपला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत याच कारंज्यांवर ‘गोऱ्यांसाठी’ आणि ‘काळ्यांसाठी’ अशा पाट्या लागल्या. ओठ लागत नव्हते, तरी पाट्या टिकल्या. त्या कायद्याने उतरल्या १९६४ मध्ये, नागरी हक्क कायदा झाल्यावर. माझ्या मते पेल्याच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद ही आहे. आरोग्याचे कारण पूर्ण नाहीसे झाले तरी पाटी तशीच राहिली, याचा अर्थ पाटीचे कारण आरोग्य कधीच नव्हते.

आपल्याकडचे पाणी

मराठी वाचकाला हे सांगायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या भाषेत ‘उष्टे’ हा शब्द जंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तांब्या उंच धरून, तोंड न लावता वरून पाणी पिण्याची रीत आपण अजून मुलांना शिकवतो. माठात हात बुडू नये म्हणून ओगराळे वापरतो. या रीती चांगल्या आहेत आणि त्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते,’ असे २०२० मध्ये किती जणांनी ऐकवले असेल!

पण त्याच पूर्वजांच्या काळी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला, कारण पुण्यातले इतर हौद त्यांना बंद होते. रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळत असे. डॉ. आंबेडकरांनी शाळेतल्या नळाची हकिकत लिहून ठेवली आहे. इतर मुले तहान लागली की नळ सोडून पाणी पीत. त्यांना मात्र नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर त्या दिवशी तहानलेलेच राहायचे. नळाची ती पितळी चावी म्हणजे अनेकांचा हात लागणारी वस्तूच. तिच्यावर बंदी होती ती फक्त एका मुलाच्या हाताला.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, असे तो सांगत होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर तळ्याची ‘शुद्धी’ झाली: १०८ घागरी भरून शेण, गोमूत्र, दूध आणि दही तळ्यात ओतले गेले. जंतुशास्त्राच्या कोणत्याही हिशेबाने पाणी त्या दिवशी आधीपेक्षा घाण झाले. खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

क्रम्बाईन यांची बंदी आणि महाडची शुद्धी शेजारी ठेवून पाहिल्या की फरक स्वच्छ दिसतो. क्रम्बाईन यांचा नियम पेल्याविषयी होता. तोंड कोणाचे, हे तो विचारत नव्हता. सोवळ्याचा नियम आधी तोंडच विचारतो. शिवाय जंतू साबणाने धुतला की जातो. विटाळ धुऊन जात नाही, कारण तो वस्तूवर नसतोच.

पुसण्याचे शास्त्र

मग वस्तूंपासून रोग होतो की नाही? १५४६ मध्ये फ्राकास्टोरो या इटालियन वैद्याने संसर्गावरच्या ग्रंथात रोग धरून ठेवणाऱ्या वस्तूंना ‘फोमेस’ म्हटले. मूळ लॅटिन अर्थ, चकमकीची ठिणगी झेलणारे सरपण. शब्द इतका नेमका की साडेचार शतके टिकला. त्याला पहिला मोठा धक्का दिला प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी. १९१० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले, की रोग पसरतो तो मुख्यतः माणसापासून माणसाला, ताज्या थुंकीतून आणि बोटांतून. कोरड्या पडलेल्या वस्तूंना आपण फार घाबरतो. क्षयाचेही तसेच. तो मुख्यतः हवेतून पसरतो, पेल्यातून नव्हे, हे आज पक्के ठाऊक आहे. म्हणजे क्रम्बाईन यांनी गाडीत पाहिलेला धोका खरा होता, फक्त तो डब्यातल्या कोंदट हवेत जास्त होता.

करोनात तेच पुन्हा घडले. आपल्या राज्यात काही काळ घरोघरचे वर्तमानपत्रही थांबले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून करोना होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०,००० त १ पेक्षाही कमी आहे. याचा अर्थ हात धुणे व्यर्थ असा नव्हे. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस पृष्ठभागांवर दिवसेंदिवस टिकतो आणि हातातून तोंडात जातो. कचेरीतला कीबोर्ड, बसमधला दांडा, एटीएमची बटणे यांवर उपाय एकच आणि स्वस्त आहे: जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, तोंडाला सारखे हात लावू नयेत. आणि खिडकी उघडावी.

त्या वर्षी अनेक सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांना लिफ्ट बंद केली. रहिवासी त्याच लिफ्टने खाली-वर करत होते. साथ ओसरली, तरी काही ठिकाणी पाटी राहिली. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात त्यांच्या चहाचा वेगळा कप तर साथीच्याही आधीपासून होता. तो कप घासला जातो, पालथा घातला जातो, स्वच्छ असतो. घरातल्या कोणाला त्यातून चहा दिला तर तो घेईल का, एवढे विचारून पाहावे. त्या कपाला साखळी नाही, पण तो कोपरा सोडून कुठे जात नाही.