सोळा आण्यांचं पीक

हल्ली कुठेही जा, मत विचारतात. हॉटेलात, बँकेत, ऑफिसातल्या प्रशिक्षणानंतर... १ ते ५ पैकी गुण द्या! मग कुणीतरी ते आकडे एक्सेलमध्ये भरतो, खाली सरासरीचं सूत्र टाकतो आणि '३.७' असं उत्तर येतं. अशी पत्रकं मी बरीच पाहिली. पाहता पाहता जाणवलं, की आपल्या मराठवाड्यात अशी गुणपट्टी कितीतरी जुनी आहे आणि तिच्यावर लोकांची पोटं अवलंबून होती. ती म्हणजे आणेवारी.

पाच पर्यायांची पट्टी ('पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत') अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. आपल्याकडे पीक आण्यांत मोजायची रीत त्याच्या आधीची. रुपयाचे आणे सोळा, म्हणून भरघोस पीक सोळा आणे. निम्मं आलं तर आठ आणे. पाटील-तलाठ्यांना शेताच्या बांधावर उभं राहून आकडा सांगता यायचा आणि त्या आकड्यावर सारा ठरायचा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले, तशी आणेवारीची पैसेवारी झाली. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, हा गुणाकार आमच्या पिढीला वेगळा शिकावा लागला नाही, जुन्या माणसांच्या बोलण्यातच तो होता.

या पट्टीवरून झालेलं सगळ्यात प्रसिद्ध भांडण म्हणजे १९१८ चा खेडा सत्याग्रह. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. नियम असा, की पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली पूर्ण तहकूब व्हावी. सरकारी आकडा चार आण्यांच्या वर, शेतकऱ्यांचा खाली. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांचा लढा उभा राहिला तो या फरकावर! पंच नेमून तपासा, ही मागणी सरकारला मानवली नाही. विचार केला तर प्रश्न अगदी आजचा आहे. पट्टी एकच, पण गुण कोण देणार? ज्याला सारा गोळा करायचा आहे तो, की ज्याला भरायचा आहे तो?

पुढे महाराष्ट्रात ५० पैसे ही रेघ ठरली. गावाची पैसेवारी ५० च्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा. हंगामी, सुधारित आणि अंतिम अशी ती टप्प्याटप्प्यानं जाहीर होते. गावची समिती असते, पीक कापणीचे प्रयोग होतात, आलेल्या उत्पन्नाला प्रमाण उत्पन्नानं भागतात. यातला 'प्रमाण' हा शब्द महत्त्वाचा. सोळा आणे म्हणजे नेमकं किती, हे जो ठरवतो त्याच्या हातात अर्धा निकाल असतो. लागोपाठ वाईट गेलेल्या वर्षांवरून प्रमाण काढलं, तर यंदाचं पडेल पीकही बरं दिसू लागतं.

आता जरा आपल्या वडीगोद्रीकडे या. अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. या भागातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. कालव्याचं पाणी पोचतं ते शिवार वेगळं आणि पावसावर डोळे लावून बसलेलं शिवार वेगळं. समजा (हे आकडे माझे, निव्वळ उदाहरणाचे) दहा शेतं आहेत. पाण्याखालच्या चार शेतांत ९० पैसे पीक आलं, कोरडवाहू सहा शेतांत २५ पैसे. एक्सेलमध्ये 'अॅव्हरेज' टाका, उत्तर येतं ५१. म्हणजे दुष्काळ नाही! पण ५१ पैसे पीक दहापैकी एकाही शेतात नाही. आता तिथेच 'मिडियन' टाका, २५ येतं. 'काउंटइफ' वापरून ५० च्या खालची शेतं मोजा, दहापैकी सहा. आकडे तेच, रकाना तोच, सूत्र बदललं की गाव रेघेच्या पलीकडे जातं.

मत विचारणाऱ्या पत्रकांतही हेच होतं. अर्ध्यांनी १ आणि अर्ध्यांनी ५ दिले तर सरासरी ३, आणि अहवालात लिहितात 'लोक मध्यम समाधानी'. तिथे तर आणखी एक अडचण. ४ आणि ५ मधलं अंतर १ आणि २ मधल्या अंतराइतकंच आहे, असं कुणी सांगितलं? एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये क्रम लावणारे आकडे आणि खरं माप देणारे आकडे यांत फरक केला, तो यासाठीच. १९७९ साली व्हिजिकॅल्क आलं आणि पुढे एक्सेल. बेरीज-भागाकार चुटकीसरशी होऊ लागला, पण रकान्यातला आकडा कुठल्या जातीचा आहे ते यंत्र विचारत नाही. म्हणून मी आधी प्रत्येक उत्तर किती जणांनी दिलं ते मोजतो, त्याचा आलेख काढतो, सरासरी शेवटी.

२०१६ साली केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रानं ती स्वीकारली. पाऊस, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जमिनीतला ओलावा असे निकष आले. माणसाच्या नजरेवरचा भार कमी झाला, हे चांगलंच. पण सरासरीचा पेच सुटला नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात अंबड होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत इतर तालुक्यांतल्या १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. तालुका एकक धरलं तेव्हा ही मंडळं दिसलीच नव्हती. एकक लहान केलं, तशी ती दिसली.

पैसेवारीवर 'कागदी खेळ' म्हणून टीका खूप झाली आणि बरीचशी खरीही आहे. तरी मला त्या जुन्या पट्टीबद्दल एक आदर वाटतो. तिचा आकडा शेतकऱ्याला कळायचा. 'आमचं चार आणेसुद्धा नाही हो', असं तो कचेरीत जाऊन सांगू शकायचा, भांडू शकायचा. उपग्रहाच्या निर्देशांकाशी बांधावर उभं राहून कसं भांडणार? तेव्हा यापुढे कुणी एखाद्या सर्वेक्षणाची सरासरी तुमच्या तोंडावर फेकली, तर एवढंच विचारा, २५ वाले किती होते?