दादासाहेब फाळके आणि पडद्यामागची विद्या

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागले की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांनी देह ठेवला. शाळेतल्या मुलांनाही हे ठाऊक असते. परंतु या चरित्रातील एक प्रसंग ख्रिस्ती वाचकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भारतीय चित्रपटाची पहिली ठिणगी पडली ती प्रभू येशूच्या जीवनावरील एका परदेशी मूकपटामुळे.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूवजा चित्रगृहात फाळके यांनी हा मूकपट पाहिला. वय चाळिशीचे. छपाईच्या धंद्यात भागीदारांशी न पटल्याने ते नुकतेच बाहेर पडले होते. पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत त्यांनी या अनुभवाविषयी लिहिले. समोर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. आपल्या देशातील चरित्रे अशी पडद्यावर कधी दिसतील, हा एकच ध्यास त्यांना लागला. पुन्हा तोच चित्रपट पाहण्यासाठी त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना सोबत नेले.

आपल्यापैकी काहींना हे वाचून थोडी चुटपुट लागेल. ख्रिस्ताचे दर्शन घडूनही हा गृहस्थ कृष्णाचे स्वप्न घेऊन घरी परतला! मला मात्र यात एका मोठ्या सत्याचा प्रत्यय येतो. नवे साधन ज्याने पाठवले, त्याच्या इच्छेपुरतेच ते काम करीत नाही. पेरणारा बी टाकतो. ते कोणत्या भूमीत पडेल आणि तिथे काय उगवेल, हे त्याच्या हाती नसते. छापखान्याचे असेच झाले, चित्रपटाचे झाले, आणि आज आपल्या खिशातल्या मोबाईलचेही तेच होत आहे.

फाळके नुसते पाहून थांबले नाहीत. मिळतील तितके चित्रपट पाहणे आणि रात्ररात्र प्रयोग करणे यात त्यांनी डोळ्यांचे दुखणे ओढवून घेतले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि यंत्रसामग्री घेऊन परतले. मातीतून उगवणारे वाटाण्याचे रोप दिवसेंदिवस थोडेथोडे चित्रित करून त्यांनी एक छोटा चित्रपट केला. बीजाचा अंकुर क्षणार्धात वाढताना पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती अंधाऱ्या खोलीत धुण्यापर्यंतची कामे शिकल्या. दिवसा साऱ्या कलावंतांचा स्वयंपाक आणि रात्री हे काम. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, त्यामागे या माउलीचेही श्रम होते. त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले आणि आपले शहर काही काळ चित्रपटनिर्मितीचे केंद्र बनले.

समाज कसा बदलत गेला, हेही पाहण्यासारखे आहे. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणारे साळुंके नावाचे तरुण तारामती झाले. पण त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, या मायलेकी पडद्यावर आल्या. १९१७ च्या 'लंकादहन'च्या वेळी प्रेक्षक पादत्राणे काढून बसत, असे सांगतात. ज्याला अक्षरओळख नव्हती, तोही आता रामायण डोळ्यांनी पाहू शकत होता.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते फाळके यांचे आणखी एक काम. ते फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९१७ मध्येच त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या नावाचा एक लघुपट केला. त्याचा काही भाग आजही उपलब्ध आहे. चित्रण कसे होते, फिल्म कशी धुतात, कुठे कापून कुठे जोडतात, हे त्यांनी लोकांना दाखवले. वास्तविक हनुमानाला आकाशातून उडवणाऱ्या माणसाने आपली युक्ती झाकून ठेवायला हवी होती. जादूगार आपली पेटी उघडून दाखवीत नाही. फाळके यांनी ती उघडली. चमत्कार पाहून थक्क होणाऱ्या लोकांना त्यांनी चमत्कारामागची कात्री दाखवली.

काळ मात्र कोणासाठी थांबत नाही. १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि मूकपटांचे दिवस सरले. फाळके यांच्या 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. ज्या यंत्राने त्यांना मोठे केले, त्याच्याच पुढच्या पावलाने त्यांना मागे टाकले. उतारवयात त्यांनी नाशिकमध्ये विस्मरणाचे दिवस काढले.

ख्रिस्तसभेनेही या नव्या साधनाकडे सावधपणे पाहिले. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी चित्रपटाविषयी परिपत्रक काढले. त्यात काळजी होती, पण चांगल्या चित्रपटाच्या सामर्थ्याची जाणही होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने संपर्कसाधनांविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्याचे आरंभीचे लॅटिन शब्दच 'अद्भुत गोष्टींपैकी' या अर्थाचे आहेत. साधने वापरणाऱ्यांना, विशेषतः तरुणांना, त्यांचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. आपण साधनांचा निषेधही केला आणि स्वीकारही केला. पण हे शिक्षण द्यायचे मात्र बहुधा राहूनच गेले. सेमिनरीत असताना आम्ही खेड्यात पांढरा कपडा बांधून 'दयासागर' चित्रपट दाखवीत असू. क्रुसाच्या प्रसंगी आयाबाया पदराने डोळे पुसत. पण यंत्राच्या मागे येऊन हे कसे चालते, असे विचारणाऱ्या मुलांना आम्ही गप्प बसवत असू. आज त्याची खंत वाटते.

ही खंत उगाच नाही. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते निरपराध होते. त्या वर्षी मोबाईलवरून मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर फिरत होत्या. त्यांतली एक चित्रफीत तर मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून कराचीत तयार केलेली होती. पळवलेले मूल परत आणून दिले जाते, तो शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. तीच कात्री, जी फाळके यांनी १९१७ मध्ये लोकांना दाखवली होती! शंभर वर्षांनी ती प्रत्येकाच्या हाती आली, पण ती ओळखण्याची नजर आपण कमावली नाही.

त्याच रविवारी रात्री आपल्या जिल्ह्यातील मालेगावातही जमावाने एका कुटुंबाला घेरले. त्यांच्यात एक लहान मूलही होते. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि मग पोलिसांनी त्यांची सुटका केली. दोन्हीकडे अफवा एकाच जातीची होती. मालेगावात मात्र ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवता समोरच्या माणसाकडे पाहणारा एक जण निघाला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यावर बंधन घातले. बंधन उपयोगी असेल, पण दार उघडणारा तो हात कोणत्याही यंत्रात बसवता येत नाही.

म्हणून आपल्या कुटुंबांना माझे नम्र सुचवणे आहे. मुलांच्या हातून मोबाईल हिसकावण्याने फारसे साधणार नाही. फाळके यांनी सरस्वतीबाईंना शेजारी बसवून चित्रपट दाखवला, तसे आपण मुलांच्या शेजारी बसावे. आलेली चित्रफीत कोणी केली, कुठली आहे, केव्हाची आहे, तिचा आधीचा आणि नंतरचा भाग कुठे आहे, हे प्रश्न रात्रीच्या रोझरीनंतर पाच मिनिटे घरात विचारले जावेत. मुलांना यातले आपल्यापेक्षा अधिक कळते; त्यांच्याकडून शिकण्यात वडीलधाऱ्यांनी कमीपणा मानू नये. पुढच्या वेळी मुलांना घेऊन पांडवलेण्यांकडे गेलात, तर स्मारकापाशी त्यांना 'राजा हरिश्चंद्र'बरोबर त्या छोट्या लघुपटाचीही गोष्ट सांगा.